बोराटीची सावली

तापलेल्या मुरमात पाणी शिरताना एक अगदी इवला आवाज होतो. तहानेल्या वासराने पहिला घोट घ्यावा आणि कुणी पाहते की काय म्हणून थबकावे, तसा. हा आवाज मी प्रथम कानांनी ऐकला नाही, पंचफुलाबाईच्या मानेत पाहिला. गाडगे कलते करून ती करंगळीएवढी धार झुडपाच्या बुडाशी सोडी, आणि मान डावीकडे झुकवून, डोळे अर्धे मिटून, जमिनीचे पिणे ऐकत राही. आवाज थांबला की धार थांबे. पोट भरल्यावर आग्रह करायचा नाही ही तिची रीत. नागपुरातल्या आमच्या महाल वस्तीतल्या पंगतींत ती कुणालाच कधी साधलेली नाही. चैत्राचे ऊन तिच्या पांढऱ्या लुगड्यावर आदळून चहूकडे उधळत असे, दूर कळमेश्वराकडचे क्षितिज तव्यावरच्या हवेसारखे थरथरत असे, आणि त्या साऱ्या दाहाच्या मध्यभागी ही बाई, आजारी लेकराच्या उशाशी बसावे तशी, एका काटेरी झुडपापाशी उकिडवी बसलेली असे.

झुडूप बोराटीचे. रानबोरीची ही ठेंगणी, रागीट बहीण. गुडघ्याहून थोडी उंच, वाघनखासारख्या वाकड्या काट्यांची, पानांना वरून धूळ आणि खालून राखेची पांढुरकी लव. जिच्या आश्रयाला तितरानेही दोनदा विचार करून जावे अशी. पण त्या काट्यांच्या आत, हात घालायची छाती असली तर, एक वेगळा ऋतू नांदत असे. बाहेर वैशाख तर आत मार्गशीर्ष. त्या आतल्या मार्गशीर्षात वीतभर उंचीचे, तांबूस कोवळ्या पानांचे एकेक रोप पंचफुलाबाईने दडवून ठेवले होते, आणि त्या रोपांसाठी ती जगत होती असे म्हटले तर ते अलंकारिक वाटेल. पण मी ते पाहिले आहे, आणि मोडलेही आहे, म्हणून तसे म्हणायचा मला अधिकार आहे.

सत्तरीच्या दशकाचा तो आरंभ. उघड्या पडलेल्या टेकड्यांवर पुन्हा रान उभे करायच्या वनखात्याच्या कामावर मी देखरेखीला होतो. रान म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. उभे करणे म्हणजे काय हे मात्र पक्के ठाऊक होते. आमचे घराणे भोसल्यांच्या दफ्तरात कारकुनीला आले, आणि तेव्हापासून पिढ्यानुपिढ्या आम्ही ओळी सरळ ठेवण्यापलीकडे या पृथ्वीतलावर काही केलेले नाही. आजोबांची ओळ फूटपट्टी लाजेल अशी, वडिलांची त्याहून सरळ. हा वारसा मी डोंगरावर नेला. माझ्या खांद्यावर सदैव गाठी मारलेली एक लांब दोरी असे. ती ताणून मी खड्डे आखून घेई, आणि चढ असो, उतार असो, मध्ये खडक येवो की वारूळ, माझा खड्डा रांगेतून हलत नसे. मजूर मला माझ्या माघारी ‘दोरीवाले साहेब’ म्हणत. ही पदवी आहे असे समजून मी बरेच दिवस खूश होतो.

टेकडीचे नाव बोडखी. नावातच सारा इतिहास आला. माझ्या जन्माआधी केव्हातरी कोळशाच्या भट्ट्यांनी तिचे रान गिळले, मग पावसाने माती नेली, मग वाऱ्याने धूळ नेली, आणि मागे उरला तांबडा मुरूम आणि इथेतिथे चिकटून राहिलेली बोराटी. आदल्या पावसाळ्यात तिथे दोरीच्या हिशेबाने साग लावला होता. दिवाळीपर्यंत त्या सागाच्या काड्या झाल्या. कातरवेळी पायथ्यावरून पाहिले तर एखाद्या विशाल वर्गात सारी मुले गैरहजर असावीत आणि हजेरीचा कागद तेवढा नीटनेटका आखलेला असावा, तशी ती टेकडी दिसे. मला दुःख झाले ते काड्यांचे. ओळींचा अभिमान तसाच होता.

पंचफुलाबाई पन्नाशी ओलांडलेली. छप्पन साली नवऱ्यासोबत पायी नागपूरला जाऊन, पांढऱ्या लुगड्यात धम्म घेऊन परतलेली. त्या दिवसापासून तिने कुठल्याही देवापुढे हात जोडले नाहीत, पावसासाठी गावाने मारुती पाण्यात बुडवला तेव्हा ती काठावर उभी राहून म्हणाली म्हणतात, “तेवढं पानी झाडाले टाकलं असतं तं.” जे मागायचे ते ती आपल्या दोन हातांना मागे. ते हात तेंदूच्या सालीसारखे होते, चौकोनी भेगांनी विणलेले. पण रोपाला स्पर्श करताना ती तळवा कधी लावत नसे. बोटे मुडपून, हाताच्या मागच्या बाजूने पान हलकेच चाचपी, जसा आपण कपाळाचा ताप पाहतो. ताप असला की तिच्या ओठांचा एक कोपरा आत जाई. एवढेच. बाकी चेहरा शिशिरातल्या पाटाच्या पाण्यासारखा निश्चल.

ती रोपे चाराची होती. चार म्हणजे चारोळीचे झाड. चारोळी मी जन्मभर श्रीखंडावर पाहिलेली. ती झाडाला लागते हे मला नोकरी लागल्यावर कळले, आणि ते मी कुणाला कळू दिले नाही. पंचफुलाबाईच्या लहानपणी बोडखीवर चाराचे बन होते. तिची आई टोपली घेऊन चढे, पोरी मागून जात, आणि संध्याकाळी उतरत तेव्हा साऱ्यांच्या ओठांवर, हनुवटीवर, पोलक्यावर जांभळे-काळे डाग. नाल्याला तेव्हा होळीपर्यंत पाणी असे. ते बन गेले, मग नाला गेला, मग आई गेली. पंचफुला या तिन्ही जाण्यांचा उल्लेख एकाच स्वरात, एकाच वाक्यात करी, जणू एकाच दारातून तिघे ओळीने बाहेर पडले. कुठल्याशा दूरच्या रानातून तिने चाराचे बी आणले, आणि आदल्या पावसाळ्यात, सारे मजूर माझ्या दोरीने साग लावत असता, जेवणाच्या सुट्टीत ही एकेका बोराटीच्या पोटात हात घालून ते पुरत होती. तिची इच्छा एकच. आपल्या नातीचे तोंड एकदा चाराने माखलेले पाहावे. नात तेव्हा रांगत होती. झाडाला फळ धरायला दहा वर्षे, हे तिला ठाऊक होते, आणि आपली दहा वर्षे शिल्लक आहेत की नाहीत हेही तिने मनाशी तोलले होते. पण सगळे अडले होते पहिल्या उन्हाळ्यावर. रोप मृगापर्यंत तगले तर तगले. त्याचे मूळ मग मुरूम फोडून खाली जाते आणि त्याला कुणाची गरज उरत नाही.

उन्हाळी पाण्याचे काम तिचे आणि तुळशीरामचे. तुळशीराम नाकेदार, म्हणजे माझ्या हाताखालचा रखवालदार, रेड्याच्या, इकडच्या बोलीत हेल्याच्या, गाडीवर पाण्याचा पिंप घालून पायथ्याला आणी; तिथून गाडग्यांनी वर न्यायचे ते पंचफुलाने आणि आणखी दोघीतिघींनी. फाल्गुनातल्या एका दुपारी मी टेकडीवर गेलो तर ही बाई रोप सोडून काट्यांना पाणी पाजताना सापडली. सापडली हा शब्द माझा त्या वेळचा. चोर पकडल्याच्या आनंदात मी विचारले, “बाई, पाणी रोपाला की काट्याला?”

“काट्याले जी,” ती म्हणाली, धार न थांबवता.

“काहून?” तिच्याच बोलीत विचारण्याइतका मी उदार होतो.

“अजी, माय जेवली तं लेकरू जेवते. उपाशी मायच्या वटीत लेकरू घालून कोनाचं भलं झालं, साहेब?”

मी तिला समजावले. माझे समजावणे नेहमीच लांब असते. म्हटले, हे झुडूप रोपाचे पाणी चोरते, हे शास्त्र आहे. तिने गाडगे खाली ठेवले, पदराने कपाळ पुसले, आणि प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. “चोरत असन,” ती म्हणाली. “पन सावली वाटते ना थे. तुमी मले असा एक चोर दाखवा, जो वाटते.”

तुळशीराम गाडीजवळून हसला. “साहेब, वकील व्हायची चुकली हे बाई. जाऊ द्या, अपना क्या जाते?”

आता मागे वळून पाहताना त्या टेकडीचा अर्थ मला उन्हाइतका स्वच्छ दिसतो. उघड्यावरचा साग मेला, बोराटीखालचा चार जगला. यावरून शेंबड्या पोराने जो निष्कर्ष काढला असता तो मी सोडून बाकी सारे निष्कर्ष काढले. मी मनाशी म्हणालो, एवढी काटेरी अडचण असूनही ही रोपे जगली. मग ती अडचण दूर केली तर केवढी फोफावतील! बुद्धी गहाण ठेवायला माणसाला सावकार लागतोच असे नाही.

होळी झाली, आणि निरोप आला की मोठे साहेब रोपवन पाहायला येत आहेत. माझ्या अंगात आजोबा संचारले. मी नागपूरला गेलो, गांधीबागेतून लाल कापडाचा तागा आणला, बायकोकडून त्याच्या झेंड्या शिवून घेतल्या, आणि प्रत्येक रांगेच्या दोन्ही टोकांना एकेक रोवली. मग पायथ्याशी उभा राहून पाहिले. झेंड्या दिसत होत्या. रांगा दिसत नव्हत्या. मध्ये मध्ये बोराटी माजलेली, जणू चांगल्या माणसाने आठवडाभर दाढी केलेली नाही. मी हुकूम सोडला: झुडपे जमिनीसरशी काढा.

“वरून ऑर्डर हाय का साहेब?” तुळशीरामने विचारले.

“माझी आहे.”

“मंग ठीक हाय. तोडायले का लागते? लावायलेच लागते.”

कुऱ्हाडी आल्या तेव्हा पंचफुलाबाई टेकडीच्या वाटेवर उभी होती. आडवी नव्हे, नुसती उभी, गाडगे कमरेवर घेऊन, पाहुण्याला दारातून आत येऊ द्यावे की न द्यावे अशा संभ्रमात घरधनीण उभी राहते तशी. “साहेब,” ती म्हणाली, “दोन महिने थांबा. मिरग लागू द्या. मंग मीच तोडून देतो तुमाले, हातानं. आता तोडली तं ऊन आत येईन जी.”

मी विनोदी माणूस. शेजारी दहाबारा मजूर, हातात नवी सत्ता, समोर अडाणी बाई; असा योग विनोदाला वारंवार येत नाही. मी म्हटले, “ऊन आत येईल? टेकडीला काय दार आहे, बाई?”

मजूर हसले. तुळशीराम हसला. ती हसली नाही.

“दारच हाय थे,” ती म्हणाली, आणि बाजूला झाली.

दोन दिवस कुऱ्हाडी चालल्या. त्या आवाजाला लय होती, आणि त्या लयीला पाठ करून ती एका खडकावर बसून राहिली. तिच्या पाठीचे ते चित्र माझ्याजवळ अजून आहे. मागून माणसाचे वय लपत नाही. खांद्यांवरून, मानेच्या मणक्यावरून, पदराखालून सुटलेल्या एका पांढऱ्या बटेवरून ते वाऱ्याबरोबर हलत असते. दर घावाला ती हलत नव्हती. दर घावानंतर, झुडूप पडल्याची सळसळ झाली की तिची पाठ किंचित आकसे. तिसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. जीप पायथ्याशी थांबली, म्हणजे चाके थांबली, इंजिन चालूच होते. त्यांनी काचेतून वर पाहिले, “लाइनी छान आहेत,” असे म्हटले, आणि धुळीचा एक उंच, सोनेरी, अतिशय सुंदर पडदा मागे सोडून ते निघून गेले.

आणि ऊन आत आले.

मी ऊन पूर्वी पाहिले होते, पण ते आत येताना पाहिले नव्हते. आधी ते पानांच्या कडांवर बसले. तांबूस कडा तपकिरी झाल्या, तपकिरी कडा कुरकुरीत झाल्या, आणि मग ते पानाच्या मध्यशिरेकडे असे सरकू लागले जसा धनको घरातल्या एकेका खोलीकडे सरकतो. चौथ्या दिवशी बकऱ्या आल्या. काटे होते तोवर त्या लांबूनच माना वाकड्या करून जात. आता त्यांना लाल झेंड्या लावून वाट दाखवलेली होती. निम्मी रोपे बकऱ्यांनी नेली. उरलेल्यांसाठी पंचफुलाबाईने तोडलेली बोराटी ओढून आणली, तिची तीन-तीन झुडपे एकमेकांना टेकवून रोपांवर उभी केली, आणि तिच्या कोपरापर्यंतच्या हातांवर रक्ताच्या बारीक रेघा उमटल्या. पण मेलेल्या बोराटीची पाने आठवड्यात गळाली. उरला नुसता काट्यांचा पिंजरा. त्यातून बकरी येईना, ऊन मात्र येई. ती आता दिवसातून दोनदा पाणी घाली. पाणी मुरमात शिरे तसेच वाफ होऊन परत येई. ती मान झुकवून ऐके, आणि तिच्या ओठांचा कोपरा आत गेलेलाच राही.

मला अक्कल आली ती एका शेताच्या धुऱ्यावर. टेकडीखालच्या त्या बांधावर एक बोराटी राहिली होती, कारण ती माझ्या हद्दीबाहेर होती. सहज सावलीला म्हणून मी तिच्याशेजारी बसलो आणि हात खाली टेकला. माती गार होती. गार आणि, विश्वास बसणार नाही, दमट. दुसरा हात मी बाहेर उन्हात टेकला आणि चटका बसून उचलला. दोन हातांच्या मध्ये जेवढे माझे शरीर, तेवढ्या अंतरात दोन ऋतू होते. लोकांना ज्ञान झाडाखाली बसून होते असे ऐकले होते. मला झुडपाखाली झाले, आणि तेही झुडपे तोडून झाल्यावर.

दुसऱ्या दिवसापासून मी कावड घेतली. साहेबाने कावड घेणे हा गावाचा करमणुकीचा विषय झाला. एका चढात मी निम्मे पाणी सांडी, उरलेल्या निम्म्यातले निम्मे स्वतःवर. वैशाख लागला तोवर जिवंत रोपे हाताच्या बोटांवर आली होती. एका दुपारी पंचफुलाबाईने माझी कावड काढून घेतली.

“साहेब, तुमी पानी नुसतं सांडून राहिले. पानी सोडा. तुमी उभं राहा.”

“कुठे?”

“अथी. मावळतीच्या अंगानं. दुपट्टा पसरा दोनी हातानं. हां. आता हालू नका.”

माझी सावली त्या रोपावर पडली. वीतभर काडी, तिला दोन पाने. आणि त्या दोन पानांवर सात पिढ्यांच्या कारकुनीचा वारस दोन्ही हात पसरून उभा. तुळशीराम खालून ओरडला, “साहेबाले काय म्हनू वं पंचफुलाबाई? बुजगावनं का बोराटी?”

“बोराटी म्हन गा,” ती म्हणाली. “काटे नाही आले अजून, येतीन.”

मी पाचसहा दिवस उभा राहिलो, दुपारी तीनतीन तास. खोटे कशाला सांगू, मला स्वतःचे कौतुक वाटू लागले होते. प्रायश्चित्तालाही प्रेक्षक लागतात अशी माझी जात. डोळ्यांपुढे पिवळी वर्तुळे फिरत, आणि त्या वर्तुळांतून ती दिसे: गाडगे घेऊन चढणारी, उतरणारी, पुन्हा चढणारी, उन्हाने तिची सावलीसुद्धा चाटून पुसून पायाशी एवढीशी करून टाकलेली. मी टोपी घालत नव्हतो. टोपीने सावली वाढते एवढे साधे गणितही मला सुचले नाही, कारण उघड्या डोक्याने उभे राहण्यात अधिक त्याग दिसतो.

शेवटच्या दुपारी तीनच रोपे जिवंत होती, तिन्ही जवळजवळ, माझ्या पायांच्या परिसरात. पिंपातले पाणी संपले होते. हेला दमला होता आणि दुसरी खेप सकाळशिवाय नव्हती. ती शेवटचे गाडगे घेऊन वर आली. मला आठवते ते एवढेच, की टेकडी उजवीकडे कलली. शुद्धीवर आलो तेव्हा माझे डोके तिच्या मांडीवर होते आणि माझ्या टाळूवर एक करंगळीएवढी धार पडत होती. गार, संथ, न तुटणारी. तिची मान झुकलेली होती. ती वाट पाहत होती, मी पुरे म्हणण्याची. मला दिसत होते की ते गाडगे कुठले आहे. मला दिसत होती त्या तीन काड्यांची ती सहा-सात पाने, माझ्यापासून हातभर लांब. आणि मी पुरे म्हटले नाही. गाडगे रिते होईपर्यंत मी डोळे मिटून पडून राहिलो.

सकाळी तिने तिन्ही रोपांना हाताची मागची बाजू लावून पाहिली. मग तळवा लावला. तळवा लावताना मी तिला प्रथमच पाहत होतो, आणि मला समजले.

मी क्षमा मागितली. लांबलचक मागितली. तिने ती संपू दिली. “झाडाले माफी समजत नाही, साहेब,” ती म्हणाली. “अन् मले मागून काय फायदा? मी का झाड हाव?” त्यात राग नव्हता. राग असता तर मी तो उराशी धरून आयुष्य काढले असते. त्याच्या जागी तिने मला तांब्यातला ताकाचा घोट दिला आणि डोक्याला कांदा बांधायला सांगितले.

मृग त्या वर्षी वेळेवर आला. बोडखीवर त्याचे स्वागत करायला काही उरले नव्हते. पाणी आले तसे तांबडे होऊन उतरून गेले. श्रावणात मी पाहिले तर ती पुन्हा गाडगे घेऊन टेकडीवर, पावसाच्या उघडिपीत, तोडलेल्या बोराट्यांचे बुडखे शोधत फिरत होती. “बुडं जित्ते हाय,” ती मला म्हणाली. “फुटतीन. गुडघ्याले याले पाच सालं धरा. मंग बी टाकाचं. मंग फळाले धा सालं...” ती बोटे मुडपून वर्षे मोजत होती. मोजता मोजता तिने आपल्याच हाताकडे पाहिले, आणि बोटे तशीच मुडपलेली ठेवून हसली. तिचे ते एकच हसू माझ्या संग्रही आहे. हेमंतातल्या सकाळी धुक्यामागे सूर्य केवळ एक पांढरा डाग म्हणून उगवतो आणि त्याने ऊब येत नाही, तसे. त्याच हिवाळ्यात माझी बदली चांदा भागात झाली. बढती होती. शेऱ्यात माझ्या आखणीची प्रशंसा होती.

मग मी बरीच टेकाडे पाहिली, आणि जिथे जिथे माझे चालले तिथे बोराटीला कुणाला हात लावू दिला नाही. हे पुण्य म्हणून सांगत नाही. ज्याचे घर जळाले तो नंतर काडेपेटी जपून ठेवतो, एवढेच. पत्र लिहीन म्हटले तर तिला वाचता येत नव्हते, आणि मला लिहिता येत नव्हते, म्हणजे त्या विषयावर. पंच्याऐंशीच्या पुढे केव्हातरी नागपूरला परत आलो, आणि एका फाल्गुनात, स्कूटर काढून, तिच्या गावी गेलो.

घरी तिची सून होती. सासूबाईंना जाऊन तीन उन्हाळे झाले, म्हणाली. मी विचारले, शेवटी काय करत होत्या?

“काय करतीन जी. टेकडी खोदायले मशिनी आल्या, सडकेले मुरूम पाह्यजे म्हने. तई रोज जाऊन बसे. ट्रकवाल्याईले म्हने, दोन दिस थांबा गा, बुडं काढून घेतो मी. हासत ना थे. मंग रातीच्या आधी आधी काढून आने, एक-दोन, एक-दोन. आंगनात लावली होती सारी.”

“लागली?”

“कायची लागते साहेब. मोठ्या मुळाची थे. नाही लागली.”

नात मौद्याकडे दिली होती. मी तिचे नाव विचारले नाही. चार खाल्लास का कधी, हेही विचारून घ्यायची सोय नव्हती.

मी बोडखी पाहायला गेलो. ती नव्हती. जिथे चढ होता तिथे उतार होता, आणि उताराच्या तळाशी, खदानीच्या तांबड्या कातळात, गेल्या पावसाचे पाणी साचले होते: हिरवे, खोल, वाऱ्यानेही न हलणारे. फाल्गुन संपत आला होता आणि ते आटले नव्हते. तिच्या साऱ्या उन्हाळ्यांना पुरून उरले असते इतके पाणी तिथे उभे होते, आणि ते घालायला चिमूटभर माती काठावर कुठे नव्हती. मी वाकून ओंजळ भरली. मग ती कुठे ओतावी हे न कळून तशीच धरून बसलो, आणि बोटांच्या फटींतून ते जायचे तसे गेले. माणूस गेल्यावर त्याची जागा रिकामी राहते, असे आपण एकमेकांना सांगतो आणि त्यावर समाधान मानतो. इथे जागाच गेली होती. तिचे नसणे रुजवायला आता माझ्या आठवणीखेरीज दुसरी भूमी काळाने शिल्लक ठेवली नव्हती, आणि त्या भूमीत काय तगते, ते माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार?